मशीन घरी येतं, पण लेकराजवळ रात्री बसणार कोण?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली वाक्यं शक्यतो जशीच्या तशी ठेवली आहेत.)

मी नर्स आहे. माहेर नागभीड तालुक्यातलं, नोकरी नागपुरात, लहान मुलांच्या आयसीयूमध्ये. नाव सांगत नाही, कारण आज ज्या लेकरांबद्दल बोलणार आहे त्यांचीही नावं मी सांगणार नाही.

एका साध्या गोष्टीपासून सुरुवात करते. लेकरू रडलं की आवाज येतो, हे आपण धरूनच चालतो ना? आई चुलीपाशी असते, हात भाकरीत असतात आणि कान लेकराकडे. रडणं ऐकू आलं की ती उठते. आता असं लेकरू डोळ्यांसमोर आणा, जे रडतंय, तोंड उघडलंय, गालावरून पाणी वाहतंय, चेहरा लाल झालाय, आणि आवाज काहीच नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला पत्ताही लागणार नाही.

ही ती लेकरं, ज्यांच्या गळ्याला पुढून छिद्र करून श्वासनळीत एक छोटी ट्यूब बसवलेली असते. दवाखान्यात याला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात, आम्ही तोंडाने नुसतं ‘ट्रेकी’ म्हणतो. आवाज निघतो तो गळ्यातल्या स्वरतंतूंवरून हवा गेली की. ट्यूब असते त्याच्या खाली. हवा वरपर्यंत पोचतच नाही, ट्यूबमधूनच बाहेर पडते. म्हणून रडणं मुकं होतं.

गडचिरोलीकडची एक आई होती. तिने पहिल्या आठवड्यात मला विचारलं, “सिस्टर, हा रडून राहिला का जी, का नुसतं तोंड वासून राहिला?” तिला उत्तर देताना मला जड गेलं. नंतर तिनेच उपाय काढला. बाजारातून घुंगरू आणले आणि पोराच्या दोन्ही पायांना बांधले. पोरगं अस्वस्थ झालं की पाय झाडायचं, घुंगरू वाजायचे, ती उठायची. आम्ही सगळ्या मशीनच्या अलार्मकडे बघत होतो, आणि तिने आपल्या घरात चालेल असा अलार्म शोधला होता.

आज मला बोलायचंय ते याच लेकरांबद्दल. जी महिनोन्महिने, वर्षानुवर्षं श्वासासाठी ट्यूबवर, ऑक्सिजनवर किंवा मशीनवर असतात, आणि ज्यांचं घर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आहे.

कोणती लेकरं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. व्हेंटिलेटर म्हटलं की लोकांना वाटतं, संपलं आता. तसं नसतं. आपल्या भागात मण्यार चावते. धानपट्टीत लोक जमिनीवर झोपतात, रात्री मण्यार येते, चावल्याचं कळतही नाही. सकाळी लेकराच्या पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास थांबायला लागतो, कारण विषाने स्नायू लुळे पडतात. अशा लेकराला वेळेवर पोचवलं, प्रतिविष दिलं आणि काही दिवस मशीनने श्वास दिला, तर ते उठून बसतं आणि घरी चालत जातं. तिथे मशीन म्हणजे काही दिवसांचा पूल.

पण काही लेकरांसाठी हा पूल फार लांब असतो. कुणाला मेंदूज्वर झाला आणि खोकण्याची, गिळण्याची ताकद गेली. कुणाला जन्मतःच स्नायूंचा आजार आहे. कुणाच्या मानेला मार लागलाय. कुणी सातव्या महिन्यात जन्मलं आणि फुप्फुसं कच्चीच राहिली. आजाराचा जोर ओसरतो, तापबिप जातो, लेकरू हसायला लागतं, पण श्वासाला आधार लागतोच.

हा आधार तीन प्रकारचा असतो. हे नीट समजून घ्या, कारण गावात सगळ्यालाच ‘ऑक्सिजन लावला’ म्हणतात.

पहिला, नुसता ऑक्सिजन. लेकरू स्वतः श्वास घेतं, पण फुप्फुसं दुबळी, म्हणून हवेत जास्तीचा ऑक्सिजन द्यायचा. कोरोनात २०२१ मध्ये जे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आपल्या दवाखान्यांत आले, ते याच कामाचं मशीन. दुसरा, ट्यूब. लेकरू श्वास स्वतः घेतं, पण वाट अडते किंवा कफ बाहेर टाकता येत नाही, म्हणून गळ्यातून वाट करून दिलेली असते. तिसरा, हवा आत ढकलणारं मशीन. ते मास्कमधून लावतात किंवा ट्यूबमधून. कुणाला फक्त झोपेत लागतं, कुणाला दिवसभर.

ज्याचे स्नायू थकलेत त्याला नुसता ऑक्सिजन देऊन भागत नाही. छातीच हलत नसेल तर नाकाशी कितीही ऑक्सिजन सोडा, तो आत जाणार कसा?

माझी चूक

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला अजून त्रास होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी होती, तीन वर्षांची. ट्यूब होती, मशीन नव्हतं. चार महिने वॉर्डात राहिली, सगळ्यांची लाडकी झाली. मग सुट्टी ठरली. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिच्या आईला पाऊण तास बसवून सगळं समजावलं. सक्शन कसं करायचं, ट्यूबची पट्टी कशी बांधायची, धोक्याच्या खुणा कोणत्या. आई प्रत्येक वाक्याला “हो जी, हो जी” म्हणत होती. हातात एक छापील कागद दिला. इंग्रजीतला. बाहेर जीप उभी होती, सामान बांधलेलं होतं.

घरी पोचल्यावर तिसऱ्या रात्री ट्यूबमध्ये कफ सुकून बसला. आईने सक्शनची नळी घातली, ती पुढे जाईना. अशा वेळी ट्यूबच बदलायची असते, हे मी तिला सांगितलं होतं. सांगितलं होतं, करून घेतलं नव्हतं. तिच्या हातांनी ती ट्यूब एकदाही बदललेली नव्हती. गाडी मिळेपर्यंत मुलगी गेली.

बाप आठवड्याने आला, सक्शन मशीन परत करायला. रागावला नाही. म्हणाला, “मशीन चांगली आहे जी, दुसऱ्या कोनाच्या कामी येईन.”

मी त्या दिवशी घरी जाऊन हिशोब केला. आम्ही नव्या नर्सला आयसीयूत एकटीने ट्यूबचं लेकरू सांभाळायला द्यायच्या आधी किती आठवडे शिकवतो? आणि त्या आईला मी किती वेळ दिला होता? पाऊण तास. तेही ती घाईत असताना.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की आहे, आणि हा सगळा एपिसोड त्या एका गोष्टीसाठी आहे. मशीन लेकराला जगवत नाही. मशीन बंद पडलं, ट्यूब अडकली, तर पुढच्या चार-पाच मिनिटांत काय करायचं हे ज्याच्या हातांना माहीत आहे असं माणूस जवळ असणं, हे लेकराला जगवतं. ते माणूस नर्स असलंच पाहिजे असं नाही. पण त्याला शिकवलेलं असलं पाहिजे.

हातांनी दिलेला श्वास

तुम्हाला वाटेल ही नर्सबाई भावनेच्या भरात बोलतेय. नाही. या गोष्टीला इतिहास आहे.

१९५२ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. लेकरांच्या छातीचे स्नायू लुळे पडायचे. ब्लेगडॅम नावाच्या दवाखान्यात श्वास देणारी यंत्रं मोजून सात, आणि रोज नवे रुग्ण. पहिल्या काही आठवड्यांत श्वास अडकलेले ३१ रुग्ण आले, त्यातले २७ तीन दिवसांत गेले. तेव्हा ब्यॉर्न इबसेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एक वेगळाच मार्ग धरला. ऑगस्टच्या शेवटी त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून ट्यूब टाकून घेतली, त्याला रबराची पिशवी जोडली आणि हाताने पिशवी दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली.

पण एक मुलगी म्हणजे एक माणूस, दिवसरात्र. इतकी माणसं आणायची कुठून? त्यांनी वैद्यकीयचे विद्यार्थी बोलावले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण असे हातांवर जगत होते. सगळे तास मिळवले तर १ लाख ६५ हजार भरले. आजची आयसीयू नावाची गोष्ट तिथून सुरू झाली असं मानतात. म्हणजे आयसीयूची सुरुवात मशीनने झालेली नाही. शेजारी बसलेल्या, विशी-पंचविशीतल्या पोरापोरींच्या हातांनी झालेली आहे. तुमच्याच वयाच्या.

आपण जिला अँबू बॅग म्हणतो, दाबून सोडली की आपोआप फुगणारी पिशवी, ती पण त्याच शहरात तयार झाली, १९५६ मध्ये. तिला वीज लागत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि मग गडचिरोली

आता कोपनहेगनहून आपल्याकडे येऊ. कारण श्वासाचं काम साध्या माणसाला शिकवता येतं, हे जगाला दाखवणाऱ्या जागांमध्ये आपला गडचिरोली जिल्हा आहे. यूट्यूबवर नक्षल आणि वाघ पाहणाऱ्या पोरांना हे माहीत नसतं.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा गावोगावी लहान मुलं न्यूमोनियाने जायची. न्यूमोनिया ओळखायचा कसा? एक खूण साधी आहे, श्वास वेगाने चालतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचा मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त. पण गावातल्या सुईणीला इतके आकडे मोजता येत नव्हते आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी एक ‘श्वासमापी’ बनवला. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सोबत तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. झालं. दहापर्यंत मोजता आलं की पुरे.

सुईणी, गावातले आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कार्यकर्ते यांनी अशा लेकरांना औषध दिलं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे आकडे छापून आले. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं. जिथे ही सोय नव्हती त्या गावांत ते १३.५ टक्के होतं.

मग नवजात बाळं. १९९५ पासून ३९ गावांत, पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार झाल्या. बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, श्वासच घेतला नाही, तर काय करायचं हेही त्या शिकल्या. आधी सुईणी तोंडाने फुंकर द्यायच्या, मग नळी-मास्क आला, मग पिशवी-मास्क. हो, तीच पिशवी. मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये त्याचाही अभ्यास आला. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला होता. पुढे २०११ मध्ये आशाताईंनी घरी जाऊन बाळ तपासायची पद्धत देशभर सुरू झाली, तिचं मूळ या गावांमध्ये आहे.

मी दोन्ही गोष्टींची सरमिसळ करत नाहीये. जन्मल्यावर पाच मिनिटं श्वास देणं वेगळं आणि ट्यूबचं लेकरू पाच वर्षं सांभाळणं वेगळं. पण शिकवायची रीत तीच लागते. एका वेळी एकच कौशल्य. सोपं साधन. तोंडी सांगणं नाही, हातांनी करून घेणं. आणि शिकवून सोडून न देता पुन्हा पुन्हा जाऊन पाहणं. त्या मुलीच्या आईला मी यातलं काहीच दिलं नव्हतं.

आईला काय काय यायला हवं

ज्या आईने घुंगरू बांधले, तिला आम्ही तीन आठवडे शिकवलं. ते काय होतं ते सांगते. एक विनंती, हे ऐकून घरी कुणी प्रयोग करू नका. हे दवाखान्यात, नर्सच्या समोर, बाहुलीवर आणि मग लेकरावर शिकायचं असतं.

पहिला आठवडा, फक्त बघणं आणि सक्शन. नळी किती आत घालायची याचं माप ठरलेलं असतं, ट्यूबच्या टोकापर्यंत, त्यापुढे नाही. पुढे गेली तर आत जखम होते. घालताना ओढ बंद, बाहेर काढताना ओढ सुरू, आणि पाच ते दहा सेकंदांत बाहेर. आपण स्वतः श्वास रोखून धरायचा. आपल्याला गुदमरल्यासारखं झालं म्हणजे लेकरालाही झालं, हा अंदाज चांगला. नळीवर आम्ही रंगीत टेपने खूण केली, कारण तिला सेंटिमीटर वाचता येत नव्हते.

दुसरा आठवडा, ट्यूबची पट्टी आणि ट्यूब बदलणं. पट्टीखाली एक बोट सरकेल इतकीच ढिली ठेवायची. जास्त ढिली तर ट्यूब निघून येते, जास्त घट्ट तर मान सोलते. ट्यूब कायम दोन माणसांनी बदलायची, एकाने लेकरू धरायचं. म्हणून बापालाही शिकवलं. तो आधी म्हणाला, “माह्यानं नाही होनार जी.” दोन-तीनदा हात थरथरले. मग झालं. तिने स्वतःच्या हाताने चार वेळा बदलली तेव्हाच आम्ही पुढे गेलो.

तिसरा आठवडा, वाईट वेळ. मी मुद्दाम बाहुलीची ट्यूब चिकटपट्टीने बंद करायची आणि अचानक हाक मारायची, “ताई, लेकरू निळं पडलं!” मग तिने क्रमाने सगळं करायचं. माणूस हाकेने बोलव. सक्शन कर. नळी जात नाही? ट्यूब बदल. तीच जात नाही? एक नंबर लहान घाल. श्वास नाही? पिशवी लाव. लहान मुलाला साधारण तीन सेकंदाला एकदा दाबायचं. छाती उचलली पाहिजे, पोट नाही.

आणि उशाशी एक पिशवी कायम भरलेली. त्यात त्याच मापाची एक ट्यूब, एक लहान ट्यूब, पट्टी, कात्री, सक्शनच्या नळ्या, अँबू बॅग. लेकरू अंगणात गेलं तरी पिशवी सोबत. बाजाराला, मामाच्या गावाला, पाहुण्यांकडे, सगळीकडे.

आपल्या घरात हे कसं बसतं

नागपूरच्या वॉर्डात हे सगळं सोपं वाटतं. वर दिवा, भिंतीत ऑक्सिजन, हाक मारली की डॉक्टर. आता हे घर घ्या.

वीज. चंद्रपुरात २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच्या चिमण्या मी लहानपणापासून बघते. पण मे-जूनच्या वादळात तारेवर झाड पडलं की आतल्या गावात रात्रभर अंधार. म्हणून मशीनची बॅटरी किती तास चालते हे घरी जायच्या आधी चालवून बघायचं, कागदावर वाचून नाही. इन्व्हर्टर हवा. सक्शनचं पायाने चालवायचं यंत्रही मिळतं, ते मागायचं. आणि सगळं संपलं तर अँबू बॅग. फक्त हिशोब करा. मिनिटाला वीस म्हणजे तासाला १२००. चार तास म्हणजे ४८००. एकट्या आईचे हात पुरतील? म्हणून घरात किमान तिघांना ती दाबता आली पाहिजे.

धूर. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा नाक हवा गाळतं, ओली करतं, ऊब देतं. ट्यूबच्या लेकराचं नाक त्या कामातून बाद झालेलं असतं. चुलीचा धूर, मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखाली पेटवलेला पाचोळा, कोळशाची धूळ, सगळं सरळ छातीत. हवा कोरडी असली की कफ सुकतो, आणि सुकलेला कफ काय करतो ते मी सांगितलंच. ट्यूबच्या तोंडावर लावायची एक छोटी ‘नाकाची टोपी’ मिळते, ती आतली ओल धरून ठेवते. ती लावायची, आणि चूल लेकराच्या खोलीपासून दूर न्यायची. त्या घरात आजोबांनी बिडी अंगणात ओढायला सुरुवात केली. माझ्या मते ते सगळ्यात मोठं औषध होतं.

रस्ता. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण पावसाळ्यात बातम्यांत पाहत आलोय. मग ट्यूबच्या लेकराचं काय? आपल्याकडे याचं एक उत्तर आधीच आहे. दूरच्या गावातल्या गरोदर बाईला दिवस भरायच्या आधीच आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त आणून ठेवतात. पुराचे आठवडे या लेकरांनाही, आईसकट, दवाखान्याजवळ असंच राहता आलं तर? नवी इमारत बांधायला नको. एक खोली, एक प्लग, एक खाट.

आणि भाषा. भामरागडकडची आई माडिया बोलते. तिला मराठी कागद दिला काय आणि इंग्रजी दिला काय, सारखंच. तिला व्हिडिओ द्या, तिच्या भाषेत, तिच्याच लेकराचा.

झोप

एक गोष्ट राहिली. माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी.

आयसीयूत माझी पाळी आठ तासांची. आठ तासांनी दुसरी सिस्टर येते, मी सगळं सांगून घरी जाते, झोपते. घरी आईची पाळी चोवीस तासांची. घुंगरूवाली आई सुट्टीच्या आदल्या रात्री म्हणाली, “सिस्टर, मी झोपली तं याले कोन पाहीन जी?” तिला सक्शन येत होतं, ट्यूब बदलता येत होती, सगळं येत होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्या शिकवण्यात नव्हतं.

नवजात बाळाच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी सहा-सात वेळा जाते. ट्यूबचं लेकरू घरी गेलं तर त्याच्या घरी कोणी कधी जायचं, अशी यादी मी तरी पाहिलेली नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत अशी लेकरं शेकड्यांनी नसतील, पण जी आहेत त्यांच्या गावातल्या एका-दोन बायकांना शिकवून, मानधन देऊन, आठवड्यातल्या काही रात्री बसवणं अशक्य नाही. ज्या जिल्ह्याने पाचवी शिकलेल्या बाईच्या हातात श्वासाची पिशवी दिली आणि ते जमवून दाखवलं, त्या जिल्ह्यात तर नाहीच नाही.

हेही सांगते, की सगळ्यांना हे झेपत नाही. काही आईबाप सगळं समजून घेऊन नको म्हणतात. त्यांना वाईट ठरवू नका. माझं म्हणणं इतकंच, की ट्यूब टाकायच्या आधी डॉक्टरांनी घराबद्दल विचारावं. वीज आहे का, घरात माणसं किती, रात्री कोण जागणार. ट्यूब टाकल्यावर विचारून काय उपयोग?

तुम्ही काय करू शकता

तुम्ही म्हणाल, आम्ही मोबाइलवर ऐकणारी पोरं, आम्ही काय करणार?

तुमच्या घरात, गल्लीत, गावात असं लेकरू आलं, तर सुट्टीच्या आधीच दवाखान्यात जा आणि म्हणा, मलाही शिकवा. काका, मोठा भाऊ, शेजारी, कुणीही चालेल. अँबू बॅग दाबायला पदवी लागत नाही.

सिस्टरची परवानगी घेऊन, त्या आईच्या हातांचा व्हिडिओ काढा, तिच्याच मोबाइलवर, तिच्या बोलीत. रात्री घाबरगुंडी उडाली की माणूस कागद शोधत नाही.

भिंतीवर मोठ्या अक्षरात फोन नंबर लिहा. १०८, जवळचं आरोग्य केंद्र, आयसीयूचा नंबर, गावात गाडी असलेले तिघे. ट्यूबचं लेकरू आहे, हे १०८ ला पहिल्याच वाक्यात सांगायचं. वीज गेली की कळवायला लाइनमनचा नंबर. त्याला आधीच भेटून ठेवा, घर दाखवा.

अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला सरकारी पथक येतं, त्यांना हे लेकरू दाखवा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज भरून द्या. हे काम तुम्हाला दहा मिनिटांचं, त्या बापाला तीन दिवसांच्या मजुरीचं.

आणि लेकराला टक लावून बघू नका. त्याच्याशी बोला. त्याला सगळं कळतं, फक्त आवाज बाहेर येत नाही.

घुंगरूवालं पोरगं आज कसं आहे, हे तुम्ही विचारणारच. मागच्या पावसाळ्यात ते सहा वर्षांचं झालं. मशीन फक्त रात्री लागतं. त्याची मावशी आता त्यांच्याकडेच राहते, तिला आईनेच शिकवलंय. दोघी पाळी लावतात. पहिली रात्र आईची, पहाट मावशीची. मी फोन केला तेव्हा आई म्हणाली, “काल चार घंटे झोपली जी, सलग.”

मी अकरा वर्षं नर्स आहे. त्या दिवशी इतर कुठल्याही बातमीने मला इतकं बरं वाटलं नसतं.

चला, थांबते. तुमच्या गावात असं कुणी असेल तर आज संध्याकाळी तिथे जाऊन या. हात धुऊन आत जा, आणि त्या माउलीला म्हणा, तू जरा पड, मी बसतो.